हँडल हातात असूनही गाडी लागते तेव्हा : रेसट्रॅकवरील मळमळीचे एक प्रकरण

बसमध्ये मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला गाडी लागते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. हँडल स्वतःच्या हातात असलेल्या मोटारसायकलस्वारालाही गाडी लागू शकते, हे मात्र सहसा कुणाला पटत नाही. आणि ज्याला ते भोगावे लागते, तो संकोचापोटी त्याविषयी बोलत नाही. मी नागपुरात शनिवार-रविवारी मोटारसायकलवर वळणे घेण्याचे प्रशिक्षण देतो. नागपुरात रेसट्रॅक नाही, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा येथील स्वारांचा लहान गट घेऊन चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर जावे लागते. ‘पोट बिघडले’, ‘ऊन लागले’, ‘झोप झाली नाही’ अशी कारणे सांगून दुपारच्या सेशनमधून बाजूला होणारे बरेच स्वार मी तेथे पाहिले आहेत. त्यांच्यापैकी काहींना प्रत्यक्षात गाडी लागली असावी, असा विचार पुढील प्रकरण घडेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. संबंधित स्वाराच्या संमतीने आणि तिची ओळख उघड होणार नाही अशा बेताने हे लिहीत आहे.

ती तिशीच्या आतली आहे आणि वडिलांबरोबर औषधांचे दुकान चालवते. आठ वर्षे ती मोटारसायकल चालवत आहे. पेंच, पचमढी, शिर्डी असे दिवसदिवसभराचे प्रवास तिने स्वतःच्या यामाहा आर-१५ वर केले असून त्यांत एकदाही तिला मळमळ झाली नव्हती. माझ्याकडे तिने चार महिने शिक्षण घेतले होते. गाडीवरील तिचा ताबा चांगला होता आणि ट्रॅकवर जाण्याआधी प्रत्येक बाबीची चौकशी करून तयारी करणाऱ्यांपैकी ती होती.

जानेवारीतील पहिली फेरी

नागपूर ते चेन्नई हे सुमारे १,१०० किलोमीटरचे अंतर रेल्वेने कापण्यात रात्र जाते आणि उत्साहामुळे तिला त्या रात्री फारशी झोप लागली नव्हती. सकाळी लॉजजवळच्या हॉटेलात मसाला डोसा आणि फिल्टर कॉफी घेऊन आम्ही ट्रॅकवर पोचलो. भाड्याने मिळालेला लेदर सूट एक माप लहान होता. चेन वर ओढताना तिला श्वास आत घ्यावा लागत होता, तरी दुसरा उपलब्ध नाही म्हणून तिने तोच घातला.

या सर्किटची एक लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक पूर्ण वळसा, सुमारे ३.७ किलोमीटरची असून तीत १२ वळणे आहेत. नवख्या स्वाराला एका लॅपसाठी अडीच मिनिटे लागतात असे धरले, तर १५ मिनिटांच्या एका सेशनमध्ये सहा लॅप, म्हणजे ७२ वळणे होतात. नागपूरहून पचमढीला जाताना दिवसभरात जितका ताण देणारी वळणे लागतात, तितकी येथे पाव तासात येतात, आणि तीही जोरदार ब्रेक, झुकणे, उठणे आणि पुन्हा झुकणे अशा अखंड क्रमाने. रस्त्यावर कधीही त्रास न झालेल्या स्वाराला ट्रॅकवर त्रास का व्हावा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या हिशेबातच आहे.

पहिल्या सेशननंतर ती सारखी जांभया देत होती. प्रवासाचा शीण असेल, असे मी मानले. ही माझी पहिली चूक होती. वारंवार जांभया, तोंडाला पाणी सुटणे, कपाळावर थंड घाम आणि चेहरा फिकट पडणे ही गाडी लागण्याची पूर्वचिन्हे आहेत आणि ती मळमळीच्या बऱ्याच आधी दिसू लागतात. दुसऱ्या सेशनमधून परत येऊन तिने हेल्मेट काढले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, “दादा, आतून ढवळून राहिलं आहे, पण उलटी होत नाही.” तिसऱ्या सेशनला तिने जाऊ नये, असे मी सुचवले, तरी ती गेली. पाचव्या लॅपला डावा हात वर करून, मागून येणाऱ्यांची जाण्याची रेषा सोडून ती सावकाश पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकवरून गॅरेजकडे नेणाऱ्या मार्गिकेत, शिरली आणि गॅरेजमागे जाऊन तिला उलटी झाली.

ती वेळेत बाहेर आली, याचे मोल मला त्या क्षणी पुरेसे कळले नव्हते. पूर्ण बंद हेल्मेटमध्ये उलटी झाल्यास ती श्वासनलिकेत जाऊ शकते, व्हायझर आतून माखतो आणि ताशी शंभरच्या वेगात स्वार आंधळा होतो. म्हणून आता प्रत्येक नव्या स्वाराला मी पहिल्या सेशनआधीच सांगतो की तोंडाला पाणी सुटू लागले, की तीच लॅप शेवटची. हात वर करायचा, थ्रॉटल हळूहळू सोडायचा, रेषेबाहेर राहून पिटमध्ये यायचे, आणि गाडी थांबल्यावरच हेल्मेटला हात लावायचा.

पोटावर घेतलेला संशय

मळमळ म्हटले की कुणाचेही लक्ष आधी पोटाकडे आणि मग उन्हाकडे जाते. माझेही तसेच झाले आणि त्याला आधार नव्हता असे नाही. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेचा विश्वविजेता केसी स्टोनर २००९ च्या हंगामात थकवा आणि मळमळीने इतका हैराण झाला होता, की त्याला तीन शर्यती सोडाव्या लागल्या. दुधातील लॅक्टोज त्याला पचत नव्हते, हे निदान नंतर झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर उष्म्यामुळे मोटोजीपीची मुख्य शर्यत २४ वरून २१ लॅपवर आणली गेली आणि तरीही शर्यत संपल्यावर होर्गे मार्टिनला शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे वैद्यकीय मदत घ्यावी लागली. इतक्या कसलेल्या शरीरांची ही अवस्था होत असेल, तर नागपूरच्या जानेवारीतील थंडीतून थेट चेन्नईच्या दमट हवेत आलेल्या, अपुरी झोप झालेल्या आणि मसाला डोसा खाऊन घट्ट सूटमध्ये शिरलेल्या स्वाराला ऊन बाधणे स्वाभाविक होते.

येथे नागपूरकरांच्या एका समजुतीविषयी लिहिणे आवश्यक वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या गावात आपण वाढलो, त्यामुळे चेन्नईचे तिशीतले तापमान आपल्याला काय करणार, असे आमच्या गटातील जवळजवळ प्रत्येकाला वाटते. नागपूरचा उन्हाळा मात्र कोरडा असतो. घाम वाळतो आणि अंग थंड होते. दमट हवेत आणि वर चामड्याचा सूट असताना घाम वाहतो, पण वाळत नाही. शिवाय उष्णतेची सवय शरीराला दहा-पंधरा दिवसांत लागते आणि थंडीच्या महिन्यांत ती निघूनही जाते. जानेवारीतल्या नागपूरकराला गेल्या मे महिन्यातील सवयीचा काही उपयोग नसतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बदलले. तिने रात्री पुरेशी झोप घेतली. सकाळी सेशनच्या अडीच तास आधी थोडा दहीभात आणि एक केळे, दूध-कॉफी पूर्ण बंद. आदल्या दिवशी ती नुसते पाणी भरपूर प्यायली होती. घामाबरोबर मीठही जात असताना निव्वळ पाणी ढोसल्याने मळमळ वाढू शकते, त्यामुळे एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी मिसळून ते घोट घोट घ्यायला सांगितले. एका सहकाऱ्याने आपला मोठ्या मापाचा सूट दिला. पहिले सेशन साडेआठला होते आणि हवा सुखद होती.

तिसऱ्या लॅपला मळमळ सुरू झाली. आदल्या दिवसापेक्षा लवकर.

या क्षणी मी निरुत्तर झालो होतो आणि पुढची कल्पना तिचीच होती. दुपारी एक वाजता, उन्हाचा कडाका सर्वांत जास्त असताना, तिने संपूर्ण सूट, हातमोजे आणि हेल्मेट घालून गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बरोबर १५ मिनिटे बसून पाहिले. घामाने ती निथळली, नाडी वाढली, परंतु मळमळीचा मागमूस नव्हता. शेजारी जनरेटर चालू होता आणि पेट्रोलचा वास भरून राहिला होता, म्हणजे वासाचाही प्रश्न त्याच वेळी निकालात निघाला. सकाळच्या थंड हवेत गाडीवर बसल्यावर जे होते, ते दुपारच्या उन्हात खुर्चीवर बसून होत नाही, एवढे त्या पाव तासाने सिद्ध केले. माझ्या सर्व अनुभवापेक्षा ही खुर्चीवरची चाचणी अधिक उपयोगी ठरली, हे मला नमूद केलेच पाहिजे.

लहानपणचा चिखलदऱ्याचा घाट

नागपूरला परतल्यावर ती कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेली. हा टप्पा कुणीही गाळू नये. डोके विशिष्ट दिशेला वळवताच काही सेकंद भोवळ येणे हा अंतर्कर्णातील कॅल्शियमचे कण नलिकेत सरकल्याचा प्रकार असू शकतो. तो डिक्स-हॉलपाइक चाचणीने ओळखता येतो आणि डोके ठराविक क्रमाने फिरवण्याच्या साध्या कृतीने बरा होतो. ट्रॅकवर तो अंगावर बाळगणे मात्र धोक्याचे आहे. तिची ही चाचणी आणि ऐकण्याची तपासणी दोन्ही निर्दोष निघाल्या. त्यानंतर डॉक्टरांनी दोन साधे प्रश्न विचारले, जे मी चार महिन्यांत विचारले नव्हते. लहानपणी बस लागायची का? आणि अर्धशिशीचा त्रास आहे का?

दोन्हींचे उत्तर होकारार्थी होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या एसटीत आई तिच्या हातात लिंबू देत असे आणि तरीही घाट संपायच्या आत तिला उलटी होत असे. साधारणतः नऊ-दहा वर्षांच्या वयात गाडी लागण्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पुढे ते ओसरते, त्यामुळे मोठेपणी माणूस ते विसरून जातो. अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये ही प्रवृत्ती इतरांपेक्षा जास्त आढळते. रस्त्यावर मोटारसायकल चालवताना तिला त्रास झाला नाही, कारण वाहन चालवणाऱ्याला पुढची हालचाल आधीच ठाऊक असते आणि मेंदू त्यासाठी तयार असतो. याच कारणाने मोटारीतही चालकापेक्षा मागे बसलेल्यांना जास्त गाडी लागते. मग ट्रॅकवर हे संरक्षण का तुटले, एवढाच प्रश्न उरला होता.

त्याचे उत्तर समजण्यासाठी अंतर्कर्णाचे कार्य थोडे तपशिलाने पाहावे लागते. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून डोके कोणत्या दिशेने फिरत आहे हे मेंदूला कळते. शेजारीच असलेली दुसरी इंद्रिये गुरुत्वाकर्षण आणि वेगातील बदल जाणतात. डोळे, मान आणि सांधे यांच्याकडून येणारी माहिती या दोहोंशी जुळली, की माणसाला काही जाणवत नाही. ती वारंवार विसंगत ठरू लागली, की मेंदूच्या तळाशी असलेले उलटीचे केंद्र जागे होते. या साखळीत पोटाची पाळी सर्वांत शेवटी येते.

मोटारसायकलच्या वळणात ही विसंगती मुळातच आहे. टाकीवर पाण्याचा पेला घट्ट बसवून स्थिर वेगाने वळण घेतले, तर गाडी कितीही झुकली तरी पाणी पेल्याच्या काठाला समांतरच राहते, कारण गुरुत्वाकर्षण आणि वळणामुळे जाणवणारा जोर यांची बेरीज गाडीच्या उभ्या अक्षातच पडते. कानाच्या दृष्टीनेही तसेच घडते. ४० अंश झुकलेल्या स्वाराला कान सांगतो की तू सरळ बसला आहेस, फक्त वजन सुमारे १.३ पट झाले आहे. डोळे सांगतात की क्षितिज तिरपे झाले आहे. डोके आणि हेल्मेट मिळून साधारण सहा किलो धरले, तर मानेवर त्या वेळी जवळपास आठ किलो भार असतो. त्यात भर म्हणजे सुमारे पाच सेकंदांच्या आवर्तनाने होणारी हालचाल मळमळीसाठी सर्वांत वाईट असते, आणि उजवे-डावे असे लागोपाठ येणारे वळणांचे जोड याच तालावर घेतले जातात.

तरीही बहुसंख्य स्वारांना याचा त्रास होत नाही. मेंदू हे शिकतो. तिच्या बाबतीत काहीतरी जास्तीचे घडत होते आणि ते काय आहे हे आम्हाला मार्चमध्ये कळले.

गोळी आणि गवत

मार्चमधील दुसऱ्या फेरीत पहिले सेशन तिने मळमळीशिवाय पूर्ण केले. मला समाधान वाटले. दुसऱ्या सेशनमध्ये मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी ती ब्रेकच्या खुणेपुढे निघून गेली, वळण चुकले आणि गाडी गवतात उतरली. ती पडली नाही. परत आल्यावर तिने स्वतःहून सांगितले की सकाळी तिने गाडी लागू नये म्हणून मेक्लिझिनची गोळी घेतली होती आणि खूण दिसूनही ‘हात उशिरा हलला’.

औषधांच्या दुकानात वाढलेल्या, या गोळ्यांनी झोप येते हे गिऱ्हाइकांना रोज सांगणाऱ्या व्यक्तीला हा मोह होतो, यावरून तो किती सहज आहे हे लक्षात यावे. मेक्लिझिन, प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट ही औषधे प्रवाशासाठी उत्तम आहेत. ती मेंदूवर काम करतात, म्हणूनच गाडी लागणे थांबते आणि म्हणूनच प्रतिसादही मंदावतो. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. पाव सेकंदाचा उशीर म्हणजे सात मीटर. उलटीसाठी घरोघरी दिली जाणारी ऑनडॅन्सेट्रॉन ही गोळी तुलनेने कमी सुस्ती आणते, पण गाडी लागण्यावर तिचा विशेष उपयोग होत नाही. ट्रॅकवर मोटारसायकल चालवणाऱ्याने सुस्ती आणणारी कोणतीही गोळी घेऊ नये, या मताशी मी कसलीही तडजोड करत नाही आणि तेव्हापासून सकाळच्या बैठकीत प्रत्येक स्वाराला मी हा प्रश्न थेट विचारतो. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळल्याने काहींना आराम पडतो. त्यात धोका नाही, म्हणून त्याला माझी हरकत नसते.

त्या दिवशी तिने पुन्हा गाडी चालवली नाही. दुसऱ्या दिवशी, आयोजकांच्या परवानगीने, आम्ही गाडीच्या शेपटीवर पुढे तोंड करून एक छोटा कॅमेरा बसवला. हे मी जानेवारीतच करायला हवे होते.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत ते चित्रण आम्ही निम्म्या वेगाने पाहिले. पडद्यावर तिची पाठ आणि हेल्मेट दिसत होते. बहुतेक वळणांआधी ब्रेक लागताच हेल्मेट झटकन खाली जाई, क्षणभर थांबे आणि गाडी झुकू लागली असतानाच वर येई. ती मीटरमध्ये गिअरचा आकडा पाहत होती. वळणाच्या मध्यावर हेल्मेट पुन्हा खाली जाई, कारण आतल्या कडेचा कर्ब (वळणाच्या कडेला असलेली उंचवट्याची पट्टी) आपल्या गुडघ्यापासून किती दूर आहे हे ती शोधत होती. एका लॅपमधील १२ वळणांत असे नऊ वेळा घडले. आम्ही दोनदा मोजले.

शरीर एका अक्षाभोवती फिरत असताना डोके दुसऱ्या अक्षाभोवती हलवले, की नलिकांमध्ये अशी संवेदना निर्माण होते जी प्रत्यक्षातील कोणत्याच हालचालीशी जुळत नाही. वैमानिकांना वळणात मान खाली घालून कळ शोधताना भोवळ येते ती याच कारणाने, आणि वैमानिकांना याची सवय करून देण्यासाठी फिरत्या खुर्चीत बसवून डोके हलवायला लावतात. तिने प्रत्येक सेशनमध्ये नकळत तोच प्रयोग पन्नासहून अधिक वेळा केला होता. शिवाय नजर चाकापुढच्या पाच-दहा मीटर डांबरावर राहिल्यामुळे जमीन डोळ्यांसमोरून अतिशय वेगाने धावत होती. नजर दूर असती, तर तोच वेग बराच शांत भासला असता. महामार्गावर ती दूर पाहत असे, मीटरकडे क्वचित पाहत असे आणि पाहिले तरी गाडी सरळ असताना. रस्त्यावर मळमळ न होण्याचे दुसरे अर्धे उत्तर हे होते.

ट्रॅकवर जाण्यापूर्वी नियमाप्रमाणे तिने हेडलाइट आणि इंडिकेटरवर टेप लावली होती, आरसे काढले होते. मीटर तेवढे उघडे होते. शेवटच्या सेशनआधी मी खाकी टेपची चार बोटांची पट्टी काढून संपूर्ण मीटरवर चिकटवली आणि सांगितले की गिअर कानाने ओळख. त्या सेशनमध्ये पाचव्या लॅपपर्यंत तिला काही झाले नाही.

मैदानावरील तीन महिने

टेपने मीटरकडे जाणारी नजर थांबली, कर्बकडे जाणारी थांबली नव्हती. ती सवय मोडण्यासाठी मार्चअखेर ते जून असे तीन महिने आम्ही नागपुरात काम केले. ओळखीच्या एका संस्थेचे बंदिस्त पटांगण आम्हाला परवानगीने मिळाले होते. रिंग रोडवर किंवा समृद्धीवर असला सराव करणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय तेथे शिकता काहीच येत नाही, कारण लक्ष वाहतुकीकडे असते. उन्हाळ्यामुळे सकाळी सहा ते साडेसात एवढाच वेळ मिळे.

घरी ती रोज दहा मिनिटे एक व्यायाम करी. हात लांब करून अंगठ्याच्या नखावर नजर रोखायची आणि डोके आधी डावीउजवीकडे, मग वरखाली हलवायचे. नख धूसर न होता जितक्या वेगाने जमेल तितक्याच वेगाने. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांत तिला ढवळू लागे. पटांगणात मांडलेल्या कोनांमधून (शंकूंमधून) इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवताना तिने पुढच्या कोनाकडे पाहू नये, त्यानंतरच्या कोनाकडे पाहावे, असा नियम होता. मी तेथे उभा राहून बोटे दाखवत असे आणि ती किती दिसली हे तिने ओरडून सांगायचे. नजर खाली गेली की उत्तर चुके. हनुवटी वर आणि डोळ्यांची रेष शक्य तितकी क्षितिजाला समांतर ठेवायची. गाडी झुकली तरी डोके गाडीबरोबर झुकवायचे नाही. ब्रेक लावताना ती श्वास रोखून धरते, हेही येथेच ध्यानात आले, म्हणून ब्रेक सोडताना आवाज करून श्वास सोडण्याची सवय लावली.

सर्वांत कठीण गोष्ट थांबण्याची होती. तिने शंभर पानी वहीत मळमळीला शून्य ते दहा असे गुण द्यायला सुरुवात केली. तीन गुण झाले, की सराव तेथेच थांबवायचा आणि पूर्ण शून्यावर आल्याशिवाय पुन्हा सुरू करायचा नाही. ‘थोडे सोसले तर सवय होईल’ हा आपल्याकडचा लाडका विचार येथे उलटा फिरतो. मेंदूला नव्या हालचालीची सवय लहान लहान, रोजच्या मात्रेने लागते. उलटीपर्यंत ताणले तर पुढच्या वेळी नुसत्या हेल्मेटच्या वासानेही ढवळू लागते, आणि मार्चमध्ये तिचे तसे होऊ लागले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चार मिनिटांनी तीन गुण होत. मेच्या शेवटी पंचवीस मिनिटांनंतर एक. अर्धशिशी उठलेल्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायची, हे तिने स्वतः ठरवले आणि पाळले.

सकाळी सरावाआधी तर्री पोहे खाण्याची तिची सवय सोडवणे हा त्या मानाने किरकोळ भाग होता, पण तिची नाराजी सर्वाधिक त्याबद्दलच होती. पोहे सरावानंतर खावेत, एवढ्यावर समेट झाला.

जुलै

तिसरी फेरी जुलैमध्ये झाली. चेन्नईत पारा ३६ अंशांच्या आसपास होता, म्हणजे जानेवारीपेक्षा हवामान निश्चितच वाईट होते, आणि त्यामुळे ही फेरी आमच्या अनुमानाची खरी परीक्षा होती. सूट तिच्या मापाचा होता, दोन सेशनच्या मध्ये तो कमरेपर्यंत उतरवून ती सावलीत बसत असे, ओआरएस चालू होते, आणि प्रवास एक दिवस आधी केल्यामुळे झोप पूर्ण होती. मीटरवर टेप होती. पहिल्या दिवशी प्रत्येक सेशनमध्ये चारच लॅप करायच्या आणि त्रास नसला तरी बाहेर यायचे, असे आम्ही आधीच ठरवले होते. ते पाळणे तिला फार जड गेले.

वहीतील त्या दिवशीच्या नोंदी शून्य, शून्य, एक, एक अशा आहेत. दुसऱ्या दिवशी सहा-सहा लॅपची तीन सेशन झाली. तिसऱ्यात शेवटच्या लॅपला ती एका वेगवान स्वाराला वाट देण्यासाठी मागे वळून पाहू लागली, तेवढ्यात ढवळले आणि तिने हात वर करून गाडी आत आणली. नोंद तीन आहे. पुढे कारण लिहिले आहे : ‘वळणात मान फिरवली.’ चित्रणात हेल्मेट खाली जाण्याचे प्रकार एका लॅपमध्ये नऊवरून एकावर आले होते, आणि उरलेला एक प्रत्येक लॅपला एकाच वळणावर होता, जेथे कडेचा कर्ब उंच दिसतो आणि तिला अजून त्याची धास्ती वाटते.

चिखलदऱ्याच्या एसटीत तिला अजूनही गाडी लागते. प्रवाशाच्या जागेवर बसल्यावर नजर आणि श्वास यांचा सराव अर्धाच कामी येतो, कारण पुढचे वळण कधी येणार हे चालकालाच माहीत असते.

आता तिला कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर जायचे आहे. तेथील लॅप सुमारे २.१ किलोमीटरचीच आहे; सरळ पट्टे आखूड, त्यामुळे दोन वळणांमध्ये डोके स्थिर ठेवून दम घ्यायला मिळणारा वेळ कमी. म्हणून पहिल्या सेशनला तीन लॅप, वहीत शून्य आला तरच दुसऱ्याला चार, असे ठरले आहे. त्या ट्रॅकचे चित्रण पाहून पटांगणातील कोनांची मांडणी आम्ही गेल्या रविवारी बदलली. पहिल्या दिवशी दहा मिनिटांनी तिचे गुण दोनवर गेले आणि तिने स्वतःहून गाडी थांबवली.